एकच देऊळ वर्षानुवर्षं रंगवायचं असेल तर: स्पॉट ठरवण्यापासून शीट जपण्यापर्यंत

दर रविवारी नवीन स्पॉट. आज मेणवली, पुढच्या वेळी भुलेश्वर, मग बाणगंगा, मग नाशिकचा गोदाघाट. आउटडोअर करणाऱ्या, म्हणजे बाहेर जागेवर बसून चित्रं काढणाऱ्या ग्रुप्समधे हेच चालतं आणि मजा येते यात वादच नाही, पण यात एक गोष्ट कधी होत नाही ती म्हणजे एखादी वास्तू आपल्या नीट ओळखीची होणं, कारण पहिल्या चित्रात आपण साधारण तेच रंगवतो जे आपल्याला घरूनच येत असतं, घाटाच्या पायऱ्या, एक पिंपळ, धुणं धुणाऱ्या दोन बायका, झालं चित्र. तीच वास्तू पाच-सहा वेळा केली की ही घरून आणलेली शिदोरी संपते आणि मग नाइलाजाने समोर बघावं लागतं.

तर हा लेख त्यांच्यासाठी ज्यांना एकच वास्तू किंवा एकच डोंगर धरून काही वर्षं काम करायचंय. मी जलरंगवाला आहे म्हणून मटेरियल जलरंगाचं सांगतोय, ऑइल किंवा अ‍ॅक्रिलिकवाल्यांनी तेवढा भाग बदलून घ्यावा. उदाहरणाला वाईचं ढोल्या गणपतीचं देऊळ घेतो कारण आपल्याकडच्या लँडस्केपवाल्यांपैकी बहुतेकांनी ते एकदा तरी केलेलं असतं. तुमच्या गावातली पाण्याची टाकी घेतलीत तरी चालेल, खरंच चालेल.

पायरी पहिली: मोने, सेझान की होकुसाई ते ठरवा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग वर्षभराने म्हणतात की इतकी चित्रं केली पण हातात काय आलं कळत नाही. एकच विषय पुन्हा पुन्हा करणारे तीन मोठे चित्रकार बघा, तिघांची पद्धत एकदम वेगळी आहे.

क्लोद मोनेने फ्रान्समधल्या रुआँ शहराचं कॅथेड्रल (मोठं चर्च) केलं १८९२ आणि १८९३ मधे. समोरच्या बाजूला खोल्या घेतल्या, खिडकीत बसला आणि हलला नाही. म्हणजे जागा दोन-तीनच, पण कॅनव्हास तीसच्या वर. सकाळचा लाइट बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे, पुन्हा बदलला की तिसरा. दुसऱ्या दिवशी तीच वेळ आली की पहिला पुन्हा बाहेर. आणि एक बारीक गोष्ट बघा, दोन्ही वर्षी तो फेब्रुवारी ते एप्रिल याच काळात तिथे होता, म्हणजे सूर्य पुन्हा साधारण त्याच जागी आलेला असताना. शेवटचा हात मात्र घरी, जिव्हर्नीच्या स्टुडिओत फिरवला.

पॉल सेझानचं उलटं. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स गावाजवळचा सँत-व्हिक्तोआर डोंगर, उंची १०११ मीटर, पांढरट चुनखडीचा. हा त्याने दोन दशकांहून जास्त काळ केला, तीसहून जास्त तैलचित्रं आणि शिवाय ढीगभर जलरंग. पण तो जागा बदलत राहिला. आधी मेहुण्याच्या बेलव्ह्यू नावाच्या जागेकडून, जिथून रेल्वेचा पूल दिसतो, मग बिबेमूसच्या दगडखाणीतून, आणि शेवटची वर्षं ले लोव्ह टेकडीवरून, जिथे त्याने १९०१ मधे जमीन घेऊन पुढच्या वर्षी स्टुडिओ उभा केला. सकाळ की दुपार याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं दिसत नाही, त्याला हवं होतं ते डोंगराचं वजन आणि रंगाच्या चौकोनी फटक्यांनी ते कसं उभं राहील हे.

तिसरा होकुसाई. जपान, फुजी पर्वत, साधारण १८३० पासूनची छापचित्रांची मालिका, नाव छत्तीस दृश्यांचं पण दहा जादा काढून एकूण ४६. यात कितीतरी चित्रांत फुजी अगदी छोटा, कोपऱ्यात. ती सगळ्यांनी पाहिलेली मोठी लाट, ती याच मालिकेतली, आणि त्यात फुजी शोधावा लागतो. पुढे माणसं आपापल्या कामात, पिंप बनवणारा, लाकूड कापणारे, होडीतले, आणि मागे डोंगर नुसता आहे.

म्हणजे मोने लाइट बदलतो, सेझान जागा बदलतो, होकुसाई पुढचं जग बदलतो. तुम्ही एका वर्षापुरता एकच घ्या. तिन्ही एकदम बदलत बसलात तर दोन चित्रं शेजारी ठेवून तुलनाच करता येणार नाही, हा फरक लाइटमुळे का जागेमुळे का माझाच मूड, काही कळणार नाही. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष मोने. कंटाळवाणं आहे, पण हाताला शिस्त लागते. सेझानची पद्धत दिसते सोपी आणि आहे भयंकर अवघड.

पायरी दुसरी: वास्तू निवडा, पण सुंदर म्हणून नको

निकष तीनच. एक, घरापासून जवळ पाहिजे. अर्ध्या तासात पोचता आलं पाहिजे आणि कामावर जायच्या आधी जाऊन यायची सोय पाहिजे, नाहीतर वर्षातून चार वेळा जाल आणि त्याला मालिका म्हणाल. दोन, आकार मोठा आणि साधा पाहिजे, ज्याच्या बाजूंवर उजेड आणि सावली स्पष्ट पडते. नक्षी, मूर्ती, जाळ्या यांनी गच्च भरलेली वास्तू सुरुवातीला टाळाच, सगळा वेळ नक्षी काढण्यात जातो. तीन, पुढे किंवा शेजारी काहीतरी बदलणारं पाहिजे, पाणी, झाड, बाजार.

ढोल्या गणपतीला हे तिन्ही आहे (वाईकर असाल तर पहिलंसुद्धा). १७६२ च्या सुमारास सरदार रास्त्यांनी बांधलेलं, ऐन कृष्णेच्या घाटावर, वर मोठं शिखर. आणि मागची भिंत सरळ नाही, पुराचं पाणी फाकावं म्हणून नावेच्या टोकासारखी निमुळती आहे. हे माहीत नसताना कोपऱ्यातून काढायला बसलात तर पर्स्पेक्टिव्ह जुळतच नाही, माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. म्हणून वास्तू ठरली की पहिल्या दिवशी रंग नेऊच नका, चारी बाजूंनी फिरा, हात लावून बघा, कुठली भिंत काटकोनात आहे कुठली नाही ते बघा, जुना भाग कुठला आणि नंतर सिमेंटने केलेला कुठला ते तिथल्या लोकांना विचारा.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली वास्तू असेल तर ईझल किंवा स्टँड लावायच्या आधी तिथल्या ऑफिसात विचारून घ्यायचं. देवळात पुजाऱ्यांना. मांडीवर पॅड घेऊन बसलात तर सहसा कुणी काही म्हणत नाही.

पायरी तिसरी: बसायची जागा खिळा ठोकल्यासारखी पक्की करा

"घाटाच्या पलीकडून" ही जागा झाली नाही. कुठली पायरी, बसून की उभं राहून, कुठला खांब उजव्या हाताला, सगळं लिहा. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर डोळ्याची उंची दोन-अडीच फुटांनी बदलते आणि जवळच्या पायऱ्यांचा आकार पूर्ण वेगळा होतो. मोबाइलवर एक फोटो त्याच जागेवरून काढून ठेवा, रेफरन्ससाठी नाही, जागा जुळवण्यासाठी. शिखराचं टोक मागच्या डोंगराच्या रेषेला कुठे शिवतं ही सगळ्यात चांगली खूण. दोन पावलं इकडेतिकडे झालात की ती खूण लगेच सरकते.

कागदावर ऊन नको. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर सगळे रंग फिके वाटतात म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळं दिसतं. सावलीत बसा, रंगीत छत्रीखाली मात्र नको, छत्रीचा रंग कागदावर उतरतो. काळी किंवा पांढरी.

पायरी चौथी: सूर्याचं गणित

याला जरा वेळ देतो कारण लाइटबद्दलची पुस्तकं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेची असतात, तिथे उत्तरेकडची खिडकी म्हणजे वर्षभर थंड स्थिर उजेड, असं सरसकट सांगतात. आपल्याकडे ते चालत नाही. आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत.

वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, आणि तसाच पुन्हा जुलै संपता संपता. या मधल्या काळात सूर्य अख्खा दिवस उत्तरेच्या बाजूने फिरतो. म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, आणि उत्तरेच्या भिंतीला मिळतं. याउलट सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४९ अंश वर असतो, त्यामुळे सावल्या लांब आणि शिखराचे सगळे थर सुटे सुटे दिसतात. जून ते डिसेंबर सूर्योदयाची जागा क्षितिजावर जवळजवळ ४९ अंश सरकते, म्हणजे जूनमधे ज्या झाडामागून उगवला त्याच्या कितीतरी उजवीकडून डिसेंबरात उगवतो.

मग करायचं काय? कंपास अ‍ॅप घ्या, तुम्ही निवडलेली बाजू कुठे तोंड करून आहे ते बघा आणि वहीत लिहा की कुठल्या महिन्यात कुठल्या वेळी तिच्यावर ऊन येईल. एवढं एक पान केलंत की वर्षाचं टाइमटेबल आपोआप तयार होतं.

आणि वेळ घड्याळाने लिहू नका. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, जुलैच्या सुरुवातीला सातच्याही पुढे, त्यामुळे "संध्याकाळी साडेपाच" याला काही अर्थ नाही. "सूर्यास्ताआधी दीड तास" असं लिहा, तरच तुलना होते.

एप्रिल-मे मधली सकाळी अकरा ते तीन ही वेळ माझ्या मते सोडून द्यावी, वरून ऊन, सावली नाही, सगळं चपटं, शिवाय वॉश (पाणीदार रंगाचा थर) ब्रश उचलायच्या आत वाळतो. पाऊस मात्र सोडू नका. ढगाळ दिवशी सावली नसते पण ओला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, जो काय दिसतो, आणि मागचे डोंगर एकेक करून धुक्यात जातात. वॉश वाळत नाही ही कटकट आहेच, त्यासाठी पावसाळ्यात छोटी शीट आणि एकच थर.

पायरी पाचवी: मटेरियल ठरवा आणि मग त्याला हात लावू नका

कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), शक्यतो पूर्ण कॉटन, साइझ क्वार्टर शीट (साधारण ११ बाय १५ इंच). वर्षभर हाच, पावसाळ्यातली छोटी शीटसुद्धा याच कागदाची. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा चक्कर मारा. एकदम गठ्ठा घ्या, कारण मधेच कागद बदलला की पाणी वेगळं पसरतं आणि पुन्हा तुलनेचा घोळ.

रंग मोजके. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लाइट रेड, सेरुलियन, एक पिवळा, बास. आपल्या काळ्या दगडासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाला तोड नाही, निळा जास्त केला की सावलीतला दगड, सिएना जास्त केला की उन्हातला. ट्यूबमधला काळा नको, दगड मेल्यासारखा दिसतो. आणि वर्षानुवर्षांचं काम आहे तर ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. क्रिमसन लेक किंवा अस्सल अ‍ॅलिझरिन उजेडात उडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन (टिकाऊ गुलाबी-लाल) घ्या. विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त रंग सरावाला ठीक, मालिकेला नाही.

पायरी सहावी: एक मूळ ड्रॉइंग

मोने पद्धतीने जाणार असाल तर जागेवर बसून एकदा नीट, मापं घेऊन, दोन-तीन बैठकांत का होईना पण पक्कं ड्रॉइंग करा. मग घरी ट्रेसिंग करून तेच पाच-सहा शीटवर हलक्या पेन्सिलने उतरवून घ्या. हे ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, ट्रेसिंग म्हणजे चीटिंग वगैरे. अहो ड्रॉइंग तुमचंच आहे ना? लाइट पंचेचाळीस मिनिटांत बदलतो, त्यातली पस्तीस मिनिटं शिखराचे थर मोजण्यात घालवलीत तर रंगवणार कधी.

सेझान पद्धतीने जाणाऱ्यांनी मात्र ट्रेसिंग अजिबात करायचं नाही, तिथे प्रत्येक वेळी नव्याने बांधणी करणं हाच तर अभ्यास आहे.

पायरी सातवी: प्रत्यक्ष बैठक

तयार शीट तीन न्यायची. पोचल्यावर पहिली पाच मिनिटं काडेपेटीएवढ्या चौकोनात तीन टोनचं स्केच, कुठे सगळ्यात उजेड, कुठे सगळ्यात गडद, बाकी सगळं मधलं. मग शीट पहिली. सावलीची कड जिथे आहे तिथे पहिल्या दहा मिनिटांत पक्की करून टाका आणि नंतर ती हलली तरी तुम्ही हलवू नका. सावल्यांच्या मागे धावणाऱ्याच्या चित्रात सकाळचे आठ आणि दहा एकत्र दिसतात.

पाऊण तास झाला की थांबा, पूर्ण झालं नसलं तरी. दुसरी शीट काढा. पहिली पुढच्या वेळी, त्याच आकाशात, त्याच वेळेला. आकाश तसं नसेल तर ती शीट पिशवीतून काढायचीच नाही, इथे सगळ्यांचा हात शिवशिवतो, पण नाही म्हणजे नाही.

प्रत्येक बैठकीला एकच प्रश्न. आज फक्त शिखराच्या सावलीच्या बाजूला पाण्यावरून येणारा उजेड किती आहे ते बघायचं. किंवा आज आकाश आधी गडद की देऊळ. किंवा मागचा डोंगर देवळापेक्षा किती थंड. बाकीचं चित्र बिघडलं तरी चालेल, त्या प्रश्नाचं उत्तर आलं पाहिजे.

घरी आल्यावर त्याच दिवशी शीटच्या मागे पेन्सिलने लिहा (बॉलपेन नको, पुढे उमटतं): तारीख, सूर्योदय किंवा सूर्यास्तापासून किती वेळ, आकाश कसं, जागा कुठली, प्रश्न काय होता, आणि जे मिश्रण जमलं ते. "छान आलं" असलं काही लिहू नका, पुढच्या वर्षी त्याचा शून्य उपयोग.

एक सेफ्टीचं. ऑक्टोबर १९०६ मधे सेझान बाहेर काम करताना वादळी पावसात सापडला, तसाच काम करत राहिला, वाटेत कोसळला, त्याला गाडीवर घालून घरी आणलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला, वय ६७. लोक ही गोष्ट फार कौतुकाने सांगतात. मला विचाराल तर छत्री ठेवा, पाणी ठेवा, टोपी ठेवा, आणि पावसाळ्यात वाईच्या घाटावर असाल तर वर धोम धरण आहे हे लक्षात ठेवा, पाणी सोडल्याची सूचना असेल तर खाली उतरायचंच नाही.

पायरी आठवी: कंटाळा येणारच, तेव्हाचा प्लॅन

दहा-बारा चित्रांनंतर एक टप्पा येतो की त्या देवळाकडे बघवत नाही. मोनेलासुद्धा झालं होतं, रात्री स्वप्नात कॅथेड्रल अंगावर कोसळतंय, कधी निळं कधी गुलाबी कधी पिवळं, असं त्याने होणाऱ्या बायकोला पत्रात लिहिलंय. तेव्हा वास्तू बदलू नका, काम बदला. फक्त एका रंगात करा. देवळाऐवजी देवळाभोवतीच्या आकाशाचा आकार काढा. घरी बसून आठवणीने करा आणि मग जागेवर जाऊन ताडून बघा, आठवणीतलं शिखर नेहमी खऱ्यापेक्षा उंच निघतं, निदान माझं तरी निघतं.

नाहीतर सेझानचा उपाय. शेवटच्या महिन्यांत त्याने मुलाला लिहिलं होतं की नदीकाठी एकाच जागी बसून नुसतं थोडं उजवीकडे थोडं डावीकडे वळलं तरी महिनोनमहिने पुरेल एवढं काम आहे. जागा तीच, स्टूल पंधरा अंश फिरवा. देऊळ कागदाच्या मध्यातून कडेला जातं आणि एकदम नवी मांडणी समोर येते.

पायरी नववी: वास्तूच बदलली तर

काही वर्षांचं काम म्हटल्यावर हे होणारच. शिखराला भडक ऑइलपेंट लागेल, समोर पत्र्याचा मांडव येईल, वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल, दुरुस्तीची परांची बांधली जाईल, तुमच्या चित्रातलं ते झाड एक दिवस नसेल. मोनेने नदीकाठचे पॉप्लर रंगवायला घेतले १८९१ मधे तर ते तोडायला निघाले होते, मग त्याने लाकूड व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रं होईपर्यंत झाडं थांबवून घेतली. आपल्याला ते परवडणारं नाही. मी म्हणतो जे आहे ते रंगवा, फ्लेक्स आणि परांचीसकट. जुन्या फोटोवरून "मूळ रूप" करत बसलात तर ती मालिका राहत नाही, कॅलेंडर होतं. बांबूच्या परांचीची सावली दगडावर पडते ती तर मुद्दाम जाऊन करण्यासारखी आहे.

पायरी दहावी: शीट जपणं

आपल्याकडे चित्रांचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. दमटपणात कागदाला बुरशी धरते, आधी बारीक पिवळे ठिपके, मग ते जात नाहीत. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय फोल्डरमधे घालायचं नाही. दोन शीटमधे अ‍ॅसिड-फ्री बटर पेपर, वर्तमानपत्र कधीच नाही, त्याने कागद पिवळा पडतो. फोल्डर आडवं ठेवा, भिंतीला लागून नको, लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या मधून मधून बदला. लॅमिनेशन करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. पाऊस उघडला की ऑक्टोबरात एक दिवस सगळी शीट सावलीत, पंख्याखाली मोकळी पसरायची. आणि प्रत्येक चित्राचा दिवसाच्या उजेडात फोटो, फाइलच्या नावात तारीख.

त्याच ऑक्टोबरच्या दिवशी वर्षाचा हिशोबही करून टाका. सगळी चित्रं जमिनीवर आधी तारखेने लावा, हातात काय फरक पडला ते दिसेल. मग तीच चित्रं वेळेने लावा, पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, वर्ष कुठलंही असो. यात भोकं दिसतात, म्हणजे नोव्हेंबरची सकाळ खंडीभर आणि पावसातली संध्याकाळ एकही नाही. पुढच्या वर्षाचं काम तिथूनच ठरवा. वाईट वाटणारं चित्र लगेच फाडू नका, एक वर्ष ठेवा, बऱ्याचदा त्यातलाच एखादा कोपरा पुढे कामाला येतो.

प्रदर्शन करायची वेळ आली तर निवड कडक ठेवा. मोनेने तीसहून जास्त केलेल्यांतली वीसच कॅथेड्रलं १८९५ मधे पॅरिसमधे चित्रविक्रेत्या ड्युराँ-र्‍युएलच्या गॅलरीत एकत्र लावली. सगळ्यांना एकाच रुंदीचा ऑफव्हाइट माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची पट्टी) आणि एकाच पट्टीची फ्रेम करा, लावताना तारखेने नको, उजेडाने लावा, आणि मधलं अंतर फार ठेवू नका, हातभर पुरे.